शोकनिवारण : विस्मरण की स्मरण?

प्रियजनाच्या वियोगाने जीवास जो शोक होतो त्याचे निवारण कोणत्या साधनाने करावे, हा प्रश्न शास्त्राभ्यासकांना परिचयाचा असला तरी प्रत्येक शोकाकुल घरात तो नव्याने उभा राहतो. एखाद्या वासनिकाच्या घरी कर्ता मुलगा अकाली निवर्ततो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आश्रमातून कोणी भिक्षुक भेटीस जातात. माता रडत असते. जीव नित्य आहे, देह नाशवंत आहे, शोक करणे हे अज्ञान होय, असे चार शब्द तिला ऐकविले जातात. सांगितलेला सिद्धांत खरा असतो; परंतु त्याचा परिणाम सांगणाऱ्यास वाटतो तसा होत नाही. ती माता रडणे थांबवीत नाही, लोकांसमोर रडणे थांबविते. आपला शोक म्हणजे आपल्या श्रद्धेतील उणेपणा होय, अशी तिची समजूत होते आणि पुत्रवियोगाच्या दुःखावर अपराधाचे दुसरे दुःख चढते. पुढे तिचे अन्न सुटते, झोप सुटते, आणि सहा महिन्यांनी तिच्याकडे पाहून ओळख पटू नये अशी अवस्था होते. तोपर्यंत सांत्वनास येणाऱ्यांची वर्दळ केव्हाच थांबलेली असते.

म्हणून शोकाचा विचार केवळ सिद्धांताच्या अंगाने न करता आचाराच्या अंगानेही करणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात पंथाच्या आद्य परिवारावर आलेला वियोगाचा प्रसंग, आधुनिक मानसशास्त्राने शोकासंबंधी केलेला विचार आणि या दोहोंवरून निघणारा आचार, असा क्रम ठेवला आहे.

असन्निधानाचा काळ

श्रीचक्रधर स्वामींचे उत्तरापंथे गमन इ. स. १२७४ च्या सुमारास झाले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. ज्यांनी घरदार, जात, मान हे सर्व सोडून स्वामींच्या सन्निधानाचा आश्रय केला होता, त्यांचा तो आश्रय एका दिवसात अंतरला. परत जाण्यास घर उरले नव्हते आणि ज्याच्यासाठी घर सोडले तो समोर नव्हता. श्रीनागदेवाचार्यादी परिवार ऋद्धिपुरास गेला व श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. ऋद्धिपूरचे लोक ज्यांना माय आणि बाप म्हणत, त्या श्रीप्रभूंनीही इ. स. १२८७-८८ च्या सुमारास प्रयाण केले. म्हणजे सुमारे चौदा वर्षांच्या अवधीत या परिवारावर वियोगाचा आघात दोनदा झाला.

अशा प्रसंगी परिवाराने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी विस्मरणाचा मार्ग धरला नाही. आचार्य लीळांचे मनन करीत बसत. त्यांना म्हाइंभटांनी विचारले असता, आपण स्वामींच्या लीळा आठवीत आहो, असे आचार्यांनी सांगितले, आणि त्यातून लीळा लिहून ठेवण्याचा उपक्रम निघाला, ही कथा सर्वश्रुत आहे. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी बसून हे लेखन झाले. म्हाइंभटांनी एकाच्या सांगण्यावर भिस्त ठेवली नाही. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले, आणि एकच लीळा दोघांनी वेगळी सांगितली तर 'एकी वासना' म्हणून तो भेदही नोंदविला. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांचेही चरित्र असेच सिद्ध झाले. ज्या लीळाचरित्रास मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून विद्वान गौरवितात, त्याचा जन्म वियोगातून झाला आहे.

येथे शोकविचाराच्या दृष्टीने एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. म्हाइंभट ज्याच्या ज्याच्याकडे गेले, तो प्रत्येक जण स्वतः वियोगाने व्याकुळ होता. त्या प्रत्येकास कोणी तरी येऊन विचारले की तुम्ही काय पाहिले, स्वामी काय बोलले, कोठे बसले होते. प्रत्येकास सांगावयास मिळाले, आणि त्याचे सांगणे ऐकून लिहून घेण्यात आले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ती पुन्हा सिद्ध करण्यात आली, असे परंपरा सांगते. आज आढळणारे पाठभेद त्याचीच साक्ष होत.

शंका व समाधान

येथे अशी शंका उपस्थित होते की, परमेश्वराच्या वियोगाने होणारा विरह आणि आप्ताच्या मरणाने होणारा शोक यांस एका मापाने मोजणे योग्य आहे काय? विरह हा साधकास भूषण होय. शोक हा ममतेचा विकार होय. मग एकाचा दाखला दुसऱ्यास कसा लागू पडावा?

याचे समाधान असे. विषयभेदाने दोहोंत अंतर आहे हे निःसंशय. परमेश्वराचे स्मरण मोक्षमार्गाचे साधन आहे. मृत आप्ताचे स्मरण तसे नाही, आणि ते परमेश्वरस्मरणाच्या जागी बसविणे हा अन्यथाचार ठरेल. परंतु वियोग भोगणारे मन दोन्ही ठिकाणी मानवी मनच असते. त्या मनाची घडण, त्याचे थकणे, सांगितल्याने त्याचे हलके होणे आणि दाबल्याने जड होणे, हे धर्म दोन्ही ठिकाणी सारखे आहेत. यास्तव फळाच्या बाबतीत नव्हे, तर पद्धतीच्या बाबतीत आद्य परिवाराचा दाखला घेता येतो. मृत पुत्राच्या आठवणी सांगितल्याने मातेस मोक्ष मिळणार नाही. मात्र तिचे चित्त स्वस्थ होईल, आणि स्वस्थ चित्त पुढे परमेश्वरस्मरणास लागू शकेल.

मानसशास्त्राचा मार्ग

आधुनिक मानसशास्त्राने या विषयात जो मार्ग आक्रमिला तो पाहिला असता आश्चर्य वाटते. १९१७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी शोक आणि विषण्णता यांवर निबंध प्रसिद्ध केला. मृत व्यक्तीत गुंतलेली मनाची शक्ती एकेका आठवणीतून हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य होय, असा त्यातील विचार होता. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी एका करमणूकगृहास आग लागून ४९२ माणसे मृत्यू पावली. त्या दुर्घटनेतील शोकग्रस्तांसह अनेकांचे निरीक्षण करून एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे नोंदविली : घसा आवळल्यासारखा होणे, वारंवार सुस्कारे येणे, अंगातील बळ जाणे, आपणच काही कमी केले असा अपराधभाव, आणि इतरांवर अकारण राग. शोक हा केवळ मनाचा नव्हे, देहाचाही व्यापार आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९६९ मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी सांगितलेल्या पाच अवस्था लोकांत फार प्रसिद्ध आहेत. परंतु त्या मुळात मरणोन्मुख रुग्णांच्या मुलाखतींवरून सांगितल्या होत्या. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या पायऱ्या क्रमाने चढल्याच पाहिजेत असा नियम त्यांतून निघत नाही. एखाद्यास राग आला नाही अथवा एखाद्याचे रडणे उशिरा आले, तर त्यास चुकीचा शोक म्हणता येत नाही.

विल्यम वर्डन यांनी १९८२ मध्ये शोकाची चार कार्ये मांडली. मृत्यू घडला हे स्वीकारणे, वेदना भोगून पार करणे, बदललेल्या संसारात बसते होणे, ही पहिली तीन. चौथे कार्य प्रथम असे सांगितले होते की, मृतापासून भावनेची शक्ती काढून घेऊन ती अन्यत्र लावावी. पुढील आवृत्त्यांत वर्डन यांनी हे चौथे कार्य बदलले, आणि मृताशी टिकणारा संबंध राखून जीवनात पुढे जाणे असे त्याचे रूप केले. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांनी संपादिलेल्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने आला, की निरोगी शोकातही मृताशी असलेला संबंध तुटत नाही, तो रूप पालटतो. म्हणजे विस्मरणाकडून निघालेले शास्त्र सुमारे ऐंशी वर्षांनी स्मरणाकडे आले. मात्र यावरून सर्व स्मरण हितकारकच असते असे समजू नये. दिवसरात्र एकाच दृश्याभोवती फिरणारे मन स्मरण करीत नसते, ते अडकलेले असते. स्मरणास बंध आणि क्रम असावा लागतो.

साधनचतुष्टयाचा बोध

तो बंध आणि क्रम पंथीय आचारात कसा घातला आहे हे पाहावे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण सांगितले. आणि त्या स्मरणास बाह्य आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक हे साधनचतुष्टय सांगितले. ही साधने परमेश्वराच्या असन्निधानात साधकासाठी आहेत, आणि तेथेच त्यांचे मुख्य प्रयोजन आहे. परंतु त्यांची मांडणी पाहता शोकाकुल गृहस्थासही त्यातून बोध घेता येतो.

नाव घ्यावे. मृताचे नाव घरात उच्चारले जाऊ नये अशी दक्षता अनेक घरी घेतली जाते. आईला त्रास होईल म्हणून मुले बोलत नाहीत, मुलांना त्रास होईल म्हणून आई बोलत नाही, आणि एकाच छपराखाली प्रत्येक जण एकटा रडतो. नाव घेतल्याने दुःख उत्पन्न होत नाही, ते आधीच तेथे असते.

वृत्तांत सांगावा, आणि केवळ अखेरच्या दिवसाचा नव्हे. आजारपण, अपघात, रुग्णालय एवढेच मन घोळवीत राहते. म्हाइंभटांनी लीळा जशा विचारून घेतल्या, तशा ऐकणाऱ्याने बालपणाच्या, कामाच्या, थट्टेच्या गोष्टी विचाराव्यात. दोघांच्या आठवणींत भेद पडला तर भांडू नये; तीही 'एकी वासना' समजावी.

स्थान टाळू नये. ज्या शेतावर अथवा ज्या रस्त्यावर मृत्यू घडला तिकडे पुढे कधीच न जाणे हे प्रारंभी स्वाभाविक असते. वर्षानुवर्षे तसेच चालले तर भय वाढते. सोबत घेऊन, थोड्या वेळासाठी, क्रमाने जावे.

वस्तू राखाव्यात, पण निवडून. संपूर्ण खोली जशीच्या तशी बंद ठेवणे आणि तेराव्या दिवशी सर्व कपडे वाटून टाकणे, या दोन्ही गोष्टी पश्चात्तापास कारण होतात. एक-दोन वस्तू जपाव्यात, उरलेल्यांचा विचार सवडीने करावा.

संगती सोडू नये. भिक्षुक आणि वासनिक ही साधने मनुष्यरूप आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आठपैकी दोन आधार माणसांचे आहेत. शोक एकट्याने वाहण्याची वस्तू असती तर ही योजना झाली नसती.

विजन आणि भिक्षा

अनुसरलेल्या साधकाच्या दिनचर्येत विजन आणि भिक्षा ही दोन्ही आहेत. एकांती बसून तो स्मरण करतो, आणि वेळ झाली की उठून गावात भिक्षेस जातो. विरह कितीही तीव्र असला तरी उठणे चुकत नाही. आणि भिक्षेत कितीही वेळ गेला तरी विजन सुटत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाचा जो द्विविध क्रम मांडला तो याहून फार दूर नाही. शोकग्रस्त माणूस काही काळ वियोगाकडे तोंड करतो, काही काळ नव्या जबाबदाऱ्यांकडे तोंड करतो, आणि या दोहोंमधील येरझार हीच प्रकृतीचे लक्षण होय, असा त्यांचा सिद्धांत आहे. केवळ रडत बसणे अथवा केवळ कामात बुडून जाणे, दोन्ही एकांगी.

यावरून गृहस्थास एक साधा नियम सांगता येतो. दिवसातून एक ठराविक वेळ शोकास द्यावी. त्या वेळी छायाचित्र पाहावे, लिहावे, रडावे. त्यानंतर उठून एक ठराविक काम करावे, मग ते गुरांस चारा घालणे असो अथवा पोथीचे एक पान वाचणे असो. हसू आले तर मृताशी द्रोह झाला असे समजू नये. स्मृतिस्थळात वियोगानंतरचा परिवार चित्रित झाला आहे. त्यात विरह आहे, तसेच नित्याचे जगणे, प्रश्नोत्तरे आणि एकमेकांची काळजीही आहे.

देहाचे रक्षण

शोकात देह उपेक्षिला जातो. कॉलिन मरी पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये इंग्लंडमधील ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. म्हणून वृद्ध विधुर वा विधवेच्या घरी जाणाऱ्याने जेवण झाले काय, रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे चालू आहेत काय, झोप येते काय, हे विचारावे. हे प्रश्न परमार्थाहून हलके नाहीत. साधकास भिक्षान्न देहधारणेसाठी सांगितले. तोच न्याय शोकग्रस्तास लागू आहे. भूक नसली तरी वेळेवर थोडे खावे, दिवसा उजेडात चालावे, रात्री झोपेसाठी मद्याचा आश्रय करू नये, आणि घर विकणे वा गाव सोडणे यांसारखे मोठे निर्णय शक्य तेवढे पुढे ढकलावे.

याच दुर्बळ काळात देवऋषी, भगत आणि मृताचा निरोप आणून देतो म्हणणारे लोक घरात शिरतात. धनाची हानी तर होतेच, पण मृत्यू घडला हे स्वीकारण्याचे पहिले कार्यच त्यामुळे खोळंबते. अनन्यतेचा उपदेश घेतलेल्याने यांपासून दूर राहावे, आणि शेजाऱ्यांनी त्या घरास एकटे पडू देऊ नये.

वैद्याकडे केव्हा जावे

बहुतेक माणसांचा शोक आप्तांच्या आधाराने व काळाने सुसह्य होतो. प्रत्येक शोकग्रस्तास उपचार लागतात असे नाही. परंतु काहींचा शोक मुळीच हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, दीर्घकालीन शोकविकार हा स्वतंत्र विकार म्हणून समाविष्ट झाला. मृत्यूनंतर किमान सहा महिने उलटूनही मृताची तीव्र ओढ अथवा त्याचाच विचार सतत राहणे, त्यासोबत मोठी मनोवेदना असणे आणि नित्याचे व्यवहार बंद पडणे, अशी त्याची स्थूल लक्षणे होत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित निदानग्रंथात प्रौढांसाठी हा अवधी एक वर्षाचा धरला आहे. आपल्या समाजाच्या रीतीत जेवढा शोक स्वाभाविक मानला जातो त्याहून तो स्पष्टपणे अधिक असला पाहिजे, हेही निदानात पाहिले जाते.

यावरील उपचारही ठरलेले आहेत. कॅथरीन शिअर यांनी सिद्ध केलेली उपचारपद्धती सुमारे सोळा भेटींची आहे. तीत रुग्णाकडून मृत्यूचा वृत्तांत सांगवून घेतला जातो, टाळलेल्या स्थानी हळूहळू जाण्यास सांगितले जाते, मृताशी मनोमन संभाषण करविले जाते आणि पुढील जीवनाची लहान ध्येये ठरविली जातात. लीळा सांगणे आणि स्थानी जाणे ज्यांना परिचयाचे आहे, त्यांना हा उपचार परका वाटण्याचे कारण नाही.

शंका : उपासकाने मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे उपासनेवरील विश्वास कमी होणे नव्हे काय? समाधान : मोडलेल्या हाडासाठी वैद्याकडे जाणाऱ्याच्या अनन्यतेस बाध येतो असे कोणी मानीत नाही. वैद्याकडे जाणे ही अन्य देवतेची भक्ती नव्हे. देह आणि मन ही दोन्ही प्रपंचातील होत, आणि प्रपंचातील दोषास प्रपंचातील औषध योग्यच आहे.

मरणाचे विचार मनात येऊ लागले, मृताच्या मागे जावे असे कोणी बोलून दाखविले, तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. त्याच दिवशी साहाय्य घ्यावे आणि त्या व्यक्तीस एकटे ठेवू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून असा उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे.

सांत्वन करणाऱ्याचा आचार

शेवटी, ज्यांच्यावर सांत्वनाची जबाबदारी येते त्यांच्या आचाराचा विचार कर्तव्य आहे. शोकाच्या घरी श्रीमद्भगवद्गीतेचा दुसरा अध्याय आवर्जून सांगितला जातो. पहिला अध्याय मात्र प्रस्तावना समजून सोडून दिला जातो. त्या पहिल्या अध्यायात सत्तेचाळीस श्लोक आहेत आणि त्यांत श्रीकृष्णांच्या मुखी केवळ एक वाक्य आहे : समोर जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच. त्यानंतर अर्जुन बोलतो. त्याची गात्रे गळतात, मुख कोरडे पडते, धनुष्य हातातून सुटते, तो आपले सर्व म्हणणे मांडून रथात बसतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्यास उठण्यास सांगतात, पण आत्म्याच्या नित्यत्वाचा उपदेश अकराव्या श्लोकापासून सुरू होतो, आणि तोही अर्जुनाने आपली व्याकुळता पुन्हा सांगून, आपण शिष्य आहोत, आपणास शिकवावे, अशी विनंती केल्यानंतर. उपदेश मागितल्यावर दिला गेला आहे.

हा क्रम सांत्वनास जाणाऱ्याने सोडू नये. प्रथम जाऊन बसावे आणि ऐकावे. मृताचे नाव घेऊन विचारावे. जेवणाची व औषधाची चौकशी करावी. पहिल्या भेटीत सिद्धांत सांगण्याची घाई करू नये; मागितला तर सांगावा. आणि तेरा दिवसांनंतर पुन्हा जावे, तीन महिन्यांनी जावे, वर्षश्राद्ध न करणाऱ्या घरीही तो दिवस लक्षात ठेवून जावे, कारण त्याच दिवशी त्या घरास माणसाची गरज सर्वाधिक असते.

जीव नित्य आहे हा सिद्धांत अबाधितच आहे. तो सिद्धांत मातेच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी नाही. ज्या परंपरेने आपल्या आराध्याच्या वियोगात माणसामाणसाकडे जाऊन विचारले आणि ऐकलेले शब्द लिहून जपले, त्या परंपरेच्या उपदेशींनी शोकाकुल घरी जाऊन तेवढे तरी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत बसावे.